आंबा घरात आला तो पावसाळा

कौलं परतायला माणूस छपरावर चढला की मला उगीचच दमल्यासारखं होतं. काम तो करतो आणि दमते मी. वरून जळमटं, उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या, गेल्या वर्षीची वाळकी पानं डोक्यावर पडत राहतात, आणि आपण खाली पदर बांधून उभं राहून "जरा जपान हां" एवढंच म्हणत राहायचं. पावसाच्या तोंडावर हे दरवर्षीचं आहे. लाकडं खोपीत गेली, सुकी मासळी डब्यात गेली, कोकमं वाळली, आता एकदा कौलं झाली की सुटले, असं मी स्वतःला सांगते. सुटत कोणी नाही.

काल तो वरून म्हणाला, "वैनी, मागचे वासे नवे कशे ओ? फुडचे तर तुमच्या सासऱ्याच्या येळचे दिसतत."

"आंबो पडललो," मी म्हटलं.

"खंयचो आंबो?"

मी गडग्यापलीकडे, म्हणजे मधल्या दगडी बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे आता काही नाही. शेजारच्या काकींच्या पडवळाचा मांडव आहे आणि त्यावर भरपूर आभाळ. ज्यानं तो आंबा पाहिला नाही त्याला ते आभाळ पहिल्यापासूनचंच वाटणार. मला मात्र अजून तिकडे पाहिलं की कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं, आणि त्या पावसाळ्याचा आंबूस वास नाकात येतो.

मी मूळची कणकवलीची. हायवेची माणसं आम्ही, आमच्याकडे झाड पडलं की चार जण जमतात, तोडतात, बाजूला करतात, आणि गाड्या चालू होतात. लग्न होऊन मालवणकडच्या या वाडीत आले तेव्हा मला वाटलं होतं, झाड म्हणजे झाड. इथे प्रत्येक झाडाला काहीतरी चिकटलेलं असतं. कुणाचा आजा, कुणाचा नवस. आणि शेजारच्या तात्यांच्या रायवळ आंब्याला तर राखणदार, म्हणजे जागा राखणारा देव चिकटलेला होता. मुळाशी एक शेंदूर लावलेला दगड होता. तात्या वर्षातून एकदा तिथे नारळ ठेवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्या आवाजात सगळं सांगायचं, मागायचं ते मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांना ते जमत नाही. आमच्या वाडीत ते तात्यांना जमे. बोट पहिल्यांदा पाण्यात ढकलायची, तात्या हवेत. विहीर खणायची, तात्या हवेत. आवाज असा की किनाऱ्यावर गाऱ्हाणं घातलं तर देवळातला देव जागा व्हावा. एरवी हा माणूस अगदी कमी बोले. जे काही बोलायचं ते देवाशी, माणसांशी नाही, असं काकी म्हणायच्या. काकी म्हणजे तात्यांची बायको.

तो राखणदार दोन्ही घरांचा, असं तात्या म्हणत. पण आंब्याची एक जाडजूड फांदी आमच्या मागच्या छपरावर आलेली होती आणि वर्षावर्षाला खाली येत होती. आमच्या ह्यांनी एकदा सांगून पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात परत सांगितलं. "तात्यानु, निदान तेवढी फांदी मारूया." तात्यांनी मान हलवली. "बाबल, त्या झाडाक कोयतो लावलंस तर तो माका लावलंस." विषय तिथेच संपला. कारण तात्यांनी ह्यांना खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं. अशा माणसाशी किती वाद घालणार.

आंबा पडला तो पेजेच्या वेळेला. पाऊस लागून बरेच दिवस झाले होते, लाकडं ओली, स्वयंपाकघरात धूर कोंडलेला, म्हणून आम्ही पेजेची भांडी घेऊन पुढे लोट्यावर, म्हणजे ओसरीवर येऊन बसलो होतो. सासूबाई, हे आणि मी. मी लोणच्याची फोड घेत होते. वारा फार होता असंही नाही. आधी एक लांब करकरणं ऐकू आलं, मोठं दार कोणी सावकाश उघडावं तसं. मग घर हललं. मग मागून हिरवा वास आला, आणि त्यामागून पाऊस घरात आला.

माणसं वाचली ती त्या धुरामुळे. पुढे कितीतरी दिवस कोणी भेटायला आलं की सासूबाई हेच सांगायच्या, आणि ऐकणारा म्हणायचा, "देवाचीच करणी." मला त्या वेळी देवाचं काही आठवलं नाही. मी मागे धावले तर माझं स्वयंपाकघर नव्हतंच. चुलीवर फांद्या होत्या. सुक्या बांगड्यांचा डबा फुटून बांगडे पानांत विखुरले होते आणि दोन मांजरं ते निवांत वेचत होती. आणि जिकडे तिकडे आंबे. काकी दरवर्षी सासवाला, म्हणजे मोहरी लावून करतात त्या कालवणाला म्हणून रायवळ आंब्यांची परडी पाठवायच्या. त्या वर्षी परडीऐवजी झाडच पाठवलं, असं मी नंतर खूप जणांना हसून सांगितलं. त्या दिवशी मी चुलीपाशी खाली बसून रडले होते.

गडग्यापलीकडून तात्या धावत आले. धोतर चिखलानं भरलेलं. "कोणाक लागला काय रे? कोण आतमधी आसा काय?" असं विचारत ते सगळ्यांच्या आधी फांद्यांत शिरले. आम्ही सगळे धड आहोत हे पाहिल्यावर ते मागे वळून आपल्या झाडाकडे बघत राहिले. मुळं अर्धी उपसून वर आली होती आणि राखणदाराचा दगड त्या मुळांत अडकून अधांतरी लोंबत होता.

तेव्हा हे बोलले. वाडी जमली होती, पाऊस पडत होता. "राखणदारान बरा राखल्यान आमका, तात्यानु."

एवढंच. शिवी नाही, काही नाही. पण तात्यांचा चेहरा मी पाहिला. ते फांद्यांवरून पाय उचलत उचलत आपल्या घरी निघून गेले. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं.

घर मोडलं त्याचं एक वेळ काही वाटलं नसतं. स्वयंपाक लोट्यावर हलवला, शिवणयंत्र तिथेच एका कोपऱ्यात, तीन दगड मांडून चूल दुसऱ्या कोपऱ्यात. पण माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत होती ती गणपतीची. जुन्या मातीची. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून गणपती त्याच भिंतीला बसलेला. चतुर्थी आली की ती सारवायची, रंगवायची, त्यावर चित्र काढायचं. आता त्या आंब्याची सगळ्यांत जाड फांदी बरोबर त्या भिंतीच्या माथ्यावर येऊन टेकली होती. फांद्यांमुळे वर प्लास्टिक नीट पसरता येईना. आभाळातलं पाणी खोडावरून वाहत येई आणि सरळ त्या भिंतीत मुरे.

सासूबाई रोज सकाळी उठल्या की आधी भिंतीला हात लावायच्या, तापकऱ्या पोराच्या अंगाला लावावा तसा. मग माझ्याकडे बघायच्या. "फुगता गो," म्हणायच्या. भिंत चतुर्थीपर्यंत उभी राहिली तर गणपती घरी, नाही तर त्या वर्षी गणपती परक्या घरात. भटजींनी सांगितलं होतं, अडचण असेल तर शेजारच्या घरी बसवा, देव समजून घेतो. शेजारचं घर म्हणजे तात्यांचं. सासूबाई त्यावर एवढंच म्हणाल्या, "आपलो गणपती आणि आपण गडगो चढान बघूक जावचा?" नंतर त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आता कोणीही म्हणेल, झाड तोडायचं की. मीही तेच म्हटलं, कणकवलीची ना मी. पण राखणदाराच्या झाडाला गाऱ्हाण्याशिवाय हत्यार लावायचं नाही. गाऱ्हाणं घालणार तात्या. तात्या बोलावल्याशिवाय येणार नाहीत, आणि हे बोलावणार नाहीत. "मी जावचंय नाय," हे म्हणाले. "ज्याचा झाड त्येनी येवक व्हया." तिकडे तात्या म्हणत असल्याचं कानावर आलं, "ज्येनी राखणदाराचा नाव काढल्यान, त्येनीच आता बघूचा." झालं. खोड त्यांच्यात, शेंडा आमच्यात, आणि सगळा पावसाळा मधे आडवा पडलेला.

हे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हाच त्यांना खरं काम. दिवसभर जेटीवर जायचं, हात काळे करून यायचं, आल्यावर मागे जाऊन आंब्याकडे बघत उभं राहायचं. एकदा त्यांनी इन्सुलीकडून मशीन करवतवाले आणले. टेंपो थेट खळ्यात, म्हणजे अंगणात आला. मुख्य माणूस खाली उतरला, झाडाभोवती फिरला, मुळाशी गेला, तो लोंबणारा दगड पाहिला.

"गाऱ्हाणा घातलात?" त्यानं विचारलं.

"नाय," हे म्हणाले. "तुम्ही तोडा. मी आसंय मा."

"तुमी आसास, पण आमचीय पोरांबाळां आसत." मशीन परत टेंपोत गेली. मी केलेला चहा मात्र ते पिऊन गेले.

त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतः कुऱ्हाड घेतली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि "बाबल" एवढंच म्हणाल्या. हे तसे देवधर्मात फार नसतात. त्यांना राखणदाराची भीती नव्हती, वाडीची होती. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं, बोट बुडाली, गाय मेली, तर नाव त्या पहिल्या घावाचं होणार. त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली. ती तिथेच गंजत राहिली.

तलाठी येऊन गेले त्याची एक गंमत आहे, म्हणजे आता गंमत. पंचनाम्यासाठी दोघांनाही बोलावलं. तलाठ्यांनी विचारलं, झाड कोणाचं. आणि आमचे हे, जे घरात "माका" आणि "तुका" सोडून बोलत नाहीत, ते म्हणाले, "सदर झाड शेजाऱ्यांच्या हद्दीतील आहे." तात्याही मागे नाहीत. "झाड माझ्या जमिनीत असले तरी ते देवाचे आहे, आणि ते आता यांच्या घरात आहे." दोघं शाळेत उभं केल्यासारखे शुद्ध बोलत होते. मला त्या दिवशी खरी धास्ती बसली. मालवणीत भांडण झालं तर संध्याकाळपर्यंत विरतं. शुद्ध मराठीत बोलायला लागले की ते लांबत जातं. तलाठ्यांनी लिहून घेतलं, छत्री सांभाळत स्कूटर चालू केली आणि निघून गेले. माणूस वाईट नव्हता. त्याला बिचाऱ्याला वाडीवाडीतून अशी किती झाडं बघायची होती.

त्या पावसाळ्याचा वास मी अजून विसरलेले नाही. आधी चिकाचा, हिरवा. मग आंबे कुजायला लागले तो, आंबट, डोक्यात जाणारा. मग ओल्या मातीचा, भिंतीचा. लोट्यावरच्या चुलीचा धूर माझ्या शिवणातल्या कपड्यांना लागे. चतुर्थीचे ब्लाउज शिवायला आलेले, बायका घेऊन जाताना नाकाशी नेत आणि काही बोलत नसत. माशा, हुमले म्हणजे चावरे मुंगळे, फांदीवरून घरात उतरणारे सरडे. एकदा पाटावर जेवायला बसले तर ताटात वरून सुरवंट पडला. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि जेवले. एरवी किंचाळले असते. किंचाळायलाही अंगात जीव लागतो.

आणि त्या मेल्या झाडाला श्रावणाच्या सुमाराला पालवी फुटली. अर्धी मुळं अजून जमिनीत होती ना. माझ्या चुलीवर, जिथे मी भाकऱ्या भाजायची तिथे, तांबूस कोवळी पानं लकलकत होती. सासूबाई बघत राहिल्या. "मेल्याक अजून जगूचा आसा," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या दिवशी मलाही त्या झाडाचा राग येईना, आणि राग येईना म्हणून आणखीच थकल्यासारखं झालं. रागानं निदान हात चालतात.

बोलणं बंद होतं ते पुरुषांचं. बायकांचंही बंदच होतं, पण आमची विहीर एक. काकी पाणी ओढायला यायच्या तेव्हा त्यांच्या मागून त्यांची मांजर यायची, मनी. काकी मनीशी बोलायच्या. "मने, लाकडा भिजली म्हणान कोणी उपाशी ऱ्हवा नको. आमच्या खोपीत सुकी आसत. दुपारचे तात्या निजतत." मी कळशी उचलून निघून जायची. दुपारी जाऊन खोपीतून लाकडं आणायची. रोज ती दाराशीच रचलेली असायची, चुलीला घालायची तशी बारीक फोडून. काकी फोडत असतील असं मी धरून चालले होते. काकींचा हात संधिवातानं आखडलेला, हे मला सुचलंच नाही. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तात्या दुपारचे निजतत खंय? डोळे मिटान पडान ऱ्हवतत. तुझ्या पायांचो आवाज गेलो की उठतत."

म्हणजे आमचा भात तात्यांच्या लाकडावर शिजत होता, आणि तो जेवून हे तात्यांवर चिडत होते. मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ह्यांनी लाकडं परत पाठवली असती आणि मला परत ओली लाकडं फुंकत बसावं लागलं असतं.

नागपंचमी जवळ आली तशी सासूबाईंची झोप उडाली. आमच्याकडे गणपती बाजारातून उचलून आणत नाहीत. आपल्या घरचा लाकडी पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, आधी नेऊन द्यायचा. त्या पाटावरच मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. पाट दिला की शब्द दिला. मग गणपती घरी आलाच पाहिजे. आंबा पडला त्या दिवशी सासूबाईंनी मोडक्या माळ्यावरून सगळ्यांत आधी काय ओढून काढलं असेल तर तो पाट. तेव्हापासून तो माझ्या शिवणयंत्राला टेकून उभा होता.

दरवर्षी तात्याच दोन्ही घरांचे पाट नेत. सकाळी गडग्यापाशी येऊन हाक मारायचे, "पाट दिया गो." दोन्ही पाट एकावर एक डोक्यावर घ्यायचे आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठच्या पायवाटेनं चालत जायचे. रिक्षा मिळायला लागली तरी चालतच.

"पाट दिवचो काय नाय?" सासूबाईंनी ह्यांना विचारलं. हे इंजिनाचा कुठलासा भाग रॉकेलनं पुसत बसले होते. पुसतच राहिले. सासूबाईंनी परत विचारलं नाही. आत जाऊन भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. भिंतीचा एक पोपडा त्या सकाळीच सुटून पडला होता.

नागपंचमीला दोन दिवस होते तेव्हा हे जेटीवर गेले. गडग्यापलीकडे तात्या खळ्यात आले, आपला पाट घेऊन. नेहमीच्या जागी थांबले. हाक मारली नाही. मारणार कशी. चप्पल घातली, काढली, परत घातली. लोट्यावर यंत्रापाशी बसून मी हे सगळं बघत होते. माझ्या हातात कुणाचीतरी बाही होती. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचाच कंटाळा आला. ह्यांचा, तात्यांचा, राखणदाराचा, रोज फुगणाऱ्या त्या भिंतीचा. मी उठले, पाट उचलला, पावसातून चालत गेले, आणि गडग्यावर ठेवला. तात्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. परत येऊन बाही शिवायला घेतली. ती उलटी शिवली गेली.

मान वर केली तेव्हा तात्या तिथेच उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं आमचा पाट पुसला. पावसात पाट पुसून काय होणार, पण पुसला, मागून पुढून. मग दोन्ही पाट डोक्यावर घेतले. दोन्ही हात त्यात गुंतले, त्यामुळे छत्री धरायला हात उरला नाही. छत्री गडग्यावरच राहिली. तात्या तसेच भिजत व्हाळाच्या वाटेला लागले.

हे परत आले तेव्हा छत्री तिथेच होती. "ही कोणाची?"

"तात्यांची."

"आणि आपलो पाट?"

"गेलो," मी म्हटलं.

मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी यंत्रापाशी रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहिलं. मग जाऊन छत्री आणली, झटकली, आणि आमच्या लोट्यावर उघडून वाळत ठेवली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि चुलीतल्या लाकडाशी उगीच खुडबुड करत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गडगा ओलांडून आले. "छत्री न्हेवक इलंय," म्हणाले. पण छत्री न्यायला कोणी हातात नारळ घेऊन येत नाही. मागे काकी होत्या, त्यांच्या मागे मनी. तात्यांनी छत्रीकडे पाहिलंही नाही. सरळ मागे गेले, उपसलेल्या मुळांपाशी उभे राहिले. तिथून त्यांनी तो लोंबणारा दगड दोन्ही हातांनी सोडवला, खाली ठेवला, समोर नारळ ठेवला. आवाज ऐकला की वाडी जमते. दोन-चार जण आलेच. हे हात पुसत आले आणि सगळ्यांत मागे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी सुरुवात केली. पावसाळाभर न ऐकलेला तो आवाज. "तुझी लेकरां आज हय जमली आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तू दोनय घरांक राखलंस. झाड पडला, पण माणूस राखलंस."

"व्हय म्हाराजा."

ह्यांचा आवाज त्यात नव्हता. मी कान देऊन होते.

"म्हाराजा, माका दोनदा सांगल्यानी, फांदी मार म्हणान. मी आयकलंय नाय. तुझा नाव फुडे केलंय आणि माझो हट्ट राखलंय." पाऊस फांद्यांवर वाजत होता. "माझ्या झाडान शेजाऱ्याचा घर मोडला. त्यांचो गणपती उघड्यार पडलो. जो काय दोष आसात तो ह्यांका लावू नको. तो माझ्या एकट्याच्या माथ्यार घाल रे म्हाराजा."

आता यावर "व्हय" कोण म्हणणार? म्हटलं तर दोष खरंच तात्यांच्या माथ्यावर जाणार. न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धं राहणार. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. काकी मनीकडे बघत होत्या.

"नाय म्हाराजा," हे मागून म्हणाले.

माझ्या उभ्या जन्मात मी गाऱ्हाण्याला कोणी "नाय" म्हटलेलं ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही. तात्या मागे वळले. हे खाली बघत होते, काळे हात विजारीला पुसत. तात्यांनी नाक शिंकरलं, घसा साफ केला, परत दगडाकडे वळले.

"मगे अर्धो अर्धो वाट म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एकदम म्हणाले. हेही. काकींचा आवाज सगळ्यांत मोठा.

पुढचं तुम्हाला अंदाजानं कळेलच. करवतवाले परत आले, चहा प्यायले आणि या वेळी काम केलं. लाकूड दोन्ही घरांत गेलं. मोडलेल्या वाशांच्या जागी तात्यांनी आपल्या परसातल्या फणसाचे वासे दिले, ते आम्ही घेतले. भिंत फांदीचा भार निघाल्यावर थोडी कलली, पण राहिली. ओल एवढी होती की रंग धरेना, म्हणून त्या वर्षी चित्र नाही. मी ब्लाउजांची उरलेली कापडं जोडून पडदा केला आणि गणपती त्या पडद्यापुढे आपल्या जागी बसला. आरतीला तात्या होते. सासूबाईंनी त्या वर्षी मोदक जरा जास्तच गोड केले होते.

आता तात्यांना ऐकू कमी येतं. गाऱ्हाणं त्यांच्याऐवजी दुसराच कोणी घालतो आणि तात्यांचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या मागून, एकटंच येतं. कोणी हसत नाही. पाऊस दरवर्षी येतो, कौलं दरवर्षी परतायची, दरवर्षी मी दमते. फणसाच्या त्या वाशांकडे पाहिलं की थोडी अधिकच.

हे सगळं मी छपरावरच्या माणसाला थोडक्यात सांगितलं. तो कौल हातात धरून ऐकत बसला होता. मग त्यानं तेच विचारलं जे वाडी अजूनही विचारते. "पण वैनी, मगे पयलो घाव कोणी घातलो? तात्यांनी काय बाबलदादान?"

त्या एका घावासाठी सगळा पावसाळा गेला होता, तेव्हा प्रश्न बरोबरच होता. गाऱ्हाणं संपल्यावर गंजलेली ती कुऱ्हाड ह्यांनी उचलली होती आणि तात्यांनी दांड्याला हात घातला होता, इथपर्यंत मी पाहिलं.

"माका नाय दिसला," मी म्हटलं. "चुलीर भात उतू जाय होतो. मी थय गेलंय."